रिलीवर येईपर्यंत

डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले, मोज्याच्या तोंडाला गाठ मारली आणि तो माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. डोळा मिटून घ्या, म्हणाले. मिटून काय घ्यायचा, तो मिटलेलाच होता. पापणी खाली उतरली होती आणि कितीही जोर केला तरी वर जात नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी बर्फ काढला. "आता उघडा."

मी उघडला आणि डोळा उघडला. चांगला टक्क उघडला. समोर उभ्या असलेल्या वॉर्डाच्या एल्सी सिस्टर माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "तपासण्या करू, पण मला फारशी शंका नाही."

मी त्या हॉस्पिटलात पेशंट म्हणून गेलेच नव्हते. नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. अंगावर त्यांचाच उसना एप्रन होता, खिशात त्यांचंच पेन. आजाराचं नाव कानावर पडलं तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की गेली नोकरी. दुसरा विचार, वॉर्डातल्या म्हाताऱ्या दाईचं इन्सुलिन कुणी दिलं का. आजाराचा नंबर तिसरा लागला. माणसाचं डोकं असंच चालतं, निदान माझं तरी.

हे लिहायला बसले ते माझ्यासारख्या बायका-पुरुषांसाठी. संध्याकाळी ज्यांची पापणी उतरते, जेवता जेवता जबडा दमतो, आणि ज्यांना सगळे "थकवा आहे, आराम करा" सांगतात, त्यांच्यासाठी. मला तसं सांगणाऱ्यांत मी स्वतःही होते, आणि मी शिकलेली नर्स आहे.

माझे बाबा भंडाऱ्याकडचं गाव आणि वाट्याची शेती सोडून भिलाईला आले, स्टील प्लांटमध्ये लागले आणि उभं आयुष्य फर्नेसपुढे काढून रिटायर झाले. आता वैशाली नगरला असतात. मी कोहक्यात. माझे मिस्टर, विलास, रसमड्याच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर आहेत. लग्नानंतरही मी काही वर्षं नर्सिंग केलं. मग सासूबाईंना लकवा झाला आणि घरातच वॉर्ड उघडला. त्यांचं सगळं मी केलं, मनापासून केलं. त्या गेल्यावर घर रिकामं झालं. मुलगी कॉलेजला रायपूरला. मला परत कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारावी, असं फार वाटायला लागलं. पैशाची गरज होतीच, पण खरं सांगायचं तर त्या हाकेची जास्त होती.

त्याच सुमाराला शरीराने गंमत सुरू केली होती. संध्याकाळी वेणी घालताना हात वर राहीनात. भाकरी अर्धी झाली की जबडा थांबे, मग हाताने हनुवटी धरून चावायचं. फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागे, आणि मुलगी विचारी, आई सर्दी झाली का. टीव्हीवरचा माणूस जुळा दिसे.

पण सकाळी उठले की काही नाही. डोळे स्वच्छ, हात हलके. आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे सकाळी जायचं, रांगेत आधी नंबर लावायचा. डॉक्टर बघत तेव्हा मी ठणठणीत. एकांनी व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. चष्मेवाल्याने चष्मा बदलला. एका बाईंनी वयाचं कारण सांगितलं, त्यावर तर मी खूशच झाले, कारण वयाला औषध लागत नाही. संध्याकाळची मी कुणाला दाखवलीच नाही. या आजाराची हीच लबाडी आहे. स्नायू वापरले की दमतात, विसावा दिला की पुन्हा चालतात, आणि दाखवायच्या वेळी शहाण्यासारखे वागतात.

मुलाखतही सकाळीच होती. नर्सिंग सुपरिटेंडंट मॅडमनी माझं रजिस्ट्रेशन पाहिलं, चार प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. मग त्या पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सिस्टर, मधे बरीच वर्षं गेली आहेत. तोंडी सगळ्यांनाच येतं. आज दुपारची शिफ्ट करून दाखवाल? मेडिकल वॉर्डात, आमच्या इन्चार्जच्या हाताखाली. मग ठरवू."

मी बाहेर येऊन विलासना फोन केला. ते भडकले.

"फुकटात ड्युटी करून घेऊन राहिले ते. एखादी सिस्टर सुट्टीवर असन, म्हणून तुले उभं करून राहिले. इंटरव्ह्यू कोनी असा घेते का? घरी ये."

मग बाबांना केला. बाबा म्हणाले, "करून टाक, माय. मशीनपुढे उभं केल्याबिगर माणूस समजत नाई. पन ध्यानात ठेव, रिलीवर आल्याबिगर जागा सोडाची नाई."

हे वाक्य आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं रोजचं होतं. रिलीवर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो येऊन उभा राहिला की तुम्ही निघायचं, त्याआधी नाही; मग घरी पाहुणे असोत की सण. माझ्या बारशाला बाबा उशिरा आले ते याच कारणाने, असं आई अजून ऐकवते. आम्हा बहिणींना तर खेळातसुद्धा सवय होती. लपाछपीत राज्य असलेली मुलगी पाणी प्यायला गेली तर दुसरीला खांबाशी उभी करून जाई.

आज विचार करते तेव्हा वाटतं, दोघंही बरोबर होते. कामावर न घेता काम करून घेणं मला अजूनही पटत नाही, आणि कुणी विचारलं तर मी विलासच्याच बाजूने बोलेन. पण ती शिफ्ट मी केली नसती, तर माझी संध्याकाळ कुठल्याच डॉक्टरने पाहिली नसती. मी एप्रन चढवला.

पहिले काही तास इतके छान गेले की सांगता येत नाही. हातांना सगळं आठवत होतं. बीपीचा पट्टा बांधला, सलाइनचे थेंब लावले, एका आजोबांना कुशीवर वळवून पाठ पुसली. वॉर्डाच्या इन्चार्ज एल्सी सिस्टर, केरळच्या, जन्म भिलाईतच गेलेला. त्या लांबून बघत होत्या आणि मधून मधून मान हलवत होत्या. कोपऱ्यातल्या बेडवर बालोदकडची एक म्हातारी होती. साखर वाढलेली, पायाला जखम. सगळे तिला दाई म्हणत, म्हणजे तिकडच्या बोलीत आई. ती मला नोनी म्हणाली, म्हणजे पोरी. "सिस्टर" म्हणून तर किती जणांनी हाक मारली. मी मनातल्या मनात ऐकत होते आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

दिवे लागले तसे हात जड झाले. मी स्वतःला समजावलं, सवय नाही, होईल. शिफ्ट संपत आली. रात्रपाळीची सिस्टर वाटेत अडकली होती, तिची स्कूटी बंद पडली म्हणून फोन आला. एल्सी सिस्टर मला म्हणाल्या, "तुम्ही ट्रायलवर आहात, तुम्ही निघा. आम्ही बघतो."

मी निघाले नाही. रिलीवर आली नव्हती ना.

दुसऱ्या कुणाला हे हसू येण्यासारखं वाटेल. ती काही माझी रिलीवर नव्हती, मी त्यांच्या हजेरीतही नव्हते. पण पाय दाराकडे वळेनात. वर मनात हेही होतं, की थांबलेली दिसले तर नोकरी पक्की.

जेवणाची ट्रॉली आली. दाईला जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डाचा नियम असा, की एकीने भरायचं आणि दुसरीने पाहायचं. पाहणारी सिस्टर नव्या पेशंटपाशी अडकली होती. मी भरायला घेतलं. सिरिंज उजेडाकडे धरली आणि तिच्यावरच्या रेघा हलल्या. एकीच्या दोन झाल्या. सिरिंजच्याही दोन झाल्या.

मी एक डोळा मिटला. लगेच एक सिरिंज, एक रेघ. सगळं साफ. एक डोळा मिटून मी ते भरू शकले असते. कुणाला कळलंही नसतं. तो क्षण मला आजही आठवतो, कारण मी खरोखरच तसं करायला निघाले होते.

तेवढ्यात दाई बेडवरून म्हणाली, "नोनी, तोर आँखी काबर मुंदावत हे?" पोरी, तुझा डोळा का मिटतोय, असं विचारत होती ती. मी तो मिटलाच होता, पण आता उघडू म्हटलं तर उघडेना.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. एल्सी सिस्टरपाशी गेले आणि म्हटलं, "मला दोन दोन दिसतंय, एक डोळा मिटला तरच एक. मी इन्सुलिन देऊ शकत नाही." आवाज नाकातून आला, अर्धे शब्द विरले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, दंडाला धरलं आणि राउंडला आलेल्या न्यूरोच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ते आठवड्यातून काही दिवस रायपूरहून येत. मग बर्फाचा तो मोजा.

बर्फाने हा आजार बरा होत नाही. थंडपणाने दमलेला स्नायू थोडा वेळ कामाला लागतो, एवढंच. त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. त्यांनी मला समजावलं ते असं: "नस स्नायूला निरोप देते. दारावर बेल वाजवण्यासारखं समजा. तुमची बेल ठीक आहे, घरातली माणसंही ठीक आहेत. पण शरीराने स्वतःच मधल्या तारा कापायला घेतल्या आहेत. दोन-चार वेळा बेल ऐकू येते, मग येत नाही."

"कशाने होतं?" विलासनी विचारलं. रसमड्याहून ते तसेच धावत आले होते, बूटही बदलले नव्हते.

"कुणाच्या चुकीने होत नाही," डॉक्टर म्हणाले.

विलास घरी जाताना गाडीवर एकदाच बोलले. "बरं झालं तू माह्यं आयकलं नाई." त्यांच्या तोंडून असं वाक्य फार वर्षांनी ऐकत होते, म्हणून मी लक्षात ठेवलं.

दाईला इन्सुलिन वेळेत मिळालं होतं. निघण्याआधी मी विचारून घेतलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. अँटिबॉडीची रक्ततपासणी, म्हणजे त्या तारा कापणाऱ्या गोष्टी रक्तात आहेत का ते बघणं. नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्टची वाट बघावी लागते. दुसरी तपासणी आरएनएस. नसेला विजेचे बारीक झटके एकामागून एक देतात आणि स्नायूचं उत्तर दर झटक्याला कमी होतं का ते पाहतात. माझं कमी होत गेलं. तिसरी छातीचा सीटी स्कॅन. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी कामाची, मोठेपणी सुकून जाते. माझी सुकली नव्हती, उलट वाढली होती.

या सगळ्यासाठी रायपूरच्या फेऱ्या. मी इतकी वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या खुर्चीत बसल्यावर कळलं की "थोडा वेळ थांबा" हे शब्द ऐकायला किती कडू असतात. मी ते किती जणांना सहज म्हटलं असेल.

पिरिडोस्टिग्मिनची पहिली गोळी घेतली तो दिवस मात्र सणाचा. ही गोळी बेलचा आवाज मोठा करते, थोड्या वेळापुरता. आईने भाकरी आणि झुणका केला होता. गोळी घेऊन थोडा वेळ गेला आणि मी अख्खी भाकरी चावून खाल्ली, हनुवटीला हात न लावता. आई पदराने डोळे पुसत दुसरी थापायला उठली. मी पण रडले. भाकरीसाठी कुणी रडतं का, पण आम्ही रडलो.

सगळं असं गोड झालं नाही. स्टेरॉइडने तोंड फुगलं, साखर वाढली आणि माझ्याच बोटाला सुई लावायची वेळ आली. चिडचिड इतकी, की घरातली माणसं माझा अंदाज घेऊन बोलत. पाणी गिळताना ठसका लागला की भीती वाटे, कारण हा आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतो, हे मला माहीत होतं. नर्स असण्याचा हा तोटा. आणि आता नोकरीचं नाव काढायची सोय नव्हती. मी मनातून ते काढलंही होतं. जी बाई संध्याकाळी सिरिंज वाचू शकत नाही, तिला वॉर्ड कोण देईल? मी स्वतः इन्चार्ज असते तर दिला नसता.

थायमस काढायचं ठरलं. ऑपरेशन रायपूरला झालं, छातीत छोटी भोकं पाडून. नंतर वॉर्डात आणलं तेव्हा दिवसा बाबा माझ्याजवळ बसत, दुपारी विलास येऊन त्यांना सोडवत. एका दुपारी विलासना उशीर झाला. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या बेडवरच्या मुलीची आई दोनदा म्हणाली, भैया, खाऊन या, मी आहे. बाबा स्टुलावर ताठ बसून. "जावई येऊ द्या."

मला त्यांचं बघून हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मीबी अशीच बसून राहिली होती. सिस्टर जा म्हने, मी गेली नाई. रिलीवर आली नव्हती म्हणून. डोळे मिटून राहिले होते तरी."

बाबा वळून माझ्याकडे बघत राहिले. "तुले कोनं सांगतलं, डोळे मिटून राहिले तरी थांब म्हणून?"

"तुमीच तं. जनमभर."

त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाले, "माय, मी तुले अर्धच सांगतलं. रिलीवर आल्याबिगर जागा सोडाची नाई, हे खरं. पन फर्नेसपुढे चक्कर आली, हात कापाले लागला, तं माणूस हात वर करते. जोडीदार येऊन जागा घेते. हात वर न करता जो उभा राह्यला, त्याले आमी बहादूर नाई म्हनत होतो. त्याले शिव्या देत होतो. तो पडला तं दहा जनाले घेऊन पडन."

"मंग हे आधी कावून नाई सांगतलं?"

"घरात पोरी होत्या," बाबा म्हणाले. "पोरीले कोन फर्नेसवर पाठवते? मी शिस्तीचं तेवढं सांगतलं. बाकीचं तुमाले कायले लागते, वाटलं." त्यांचे डोळे भरले होते. "पन तू हात वर केला ना? सिरिंज ठेवली ना खाली?"

"ठेवली."

"मंग कोनी सांगतलं नव्हतं तरी तुले येत होतं."

मी म्हटलं, "आता तुमी करा हात वर. भूक लागली ना?"

बाबा हसले. मग खरंच त्यांनी हात थोडा वर केला, वर्गात पोरं करतात तसा, आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "बहनजी, जरा देखना." आणि कॅन्टीनकडे गेले. मी त्यांना रिलीवरशिवाय जागा सोडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणणार होते. पण रिलीवर होती. त्यांनी मागून घेतली होती.

बरं वाटायला बरेच महिने लागले. ऑपरेशनचा गुण सावकाश येतो, धीर सोडू नका. या आजाराच्या लोकांना माझं सांगणं एवढंच, की डोळा उतरतो त्या वेळचा स्वतःचा फोटो काढून ठेवा आणि सकाळच्या ओपीडीत तो दाखवा. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्यासुद्धा, आधी आजाराचं नाव सांगा. काही अँटिबायोटिक या आजारात चालत नाहीत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरी वाट बघू नका, लगेच निघा. आणि कामं सकाळी करा. मी आता वेणीसुद्धा सकाळीच घालते आणि संध्याकाळी कुणाला केस विस्कटलेले दिसले तर दिसू देते.

एके दिवशी मी उसना एप्रन धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेले. इतके महिने तो कपाटात पडून होता. सुपरिटेंडंट मॅडमनी बसायला सांगितलं.

"वॉर्डातली जागा भरली," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगते, शिफ्ट तुम्हाला झेपणार नाही."

"मला माहीत आहे, मॅडम."

"त्या दिवशी तुम्हाला असं उभं करायला नको होतं, असं मला नंतर वाटलं. पण एल्सी सिस्टर मला रोज तुमचं विचारतात. त्या म्हणतात, एक डोळा मिटून भरलं असतं तरी कुणाला कळलं नसतं." त्यांनी एप्रन माझ्याकडे परत सरकवला. "शुगरच्या पेशंटची सकाळची ओपीडी आहे. इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवायचं. दुपारी जेवणापर्यंत. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा आणि या."

मी पगाराला हो म्हटलं की 'सिस्टर' या हाकेला, विचारू नका. चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच आठवड्यात गेले.

तिथे आता चांगली रुळले आहे. पहिल्या दिवसाचं तेवढं सांगते. पेशंट जास्त होते. मी एका मामांना सिरिंज कशी धरायची ते दाखवत होते आणि डावी पापणी जड झाली. दुपारच्या सिस्टरला यायला अवकाश होता. समोरच्या टेबलावर नवीन मुलगी होती, तिचं नावही मला अजून ठाऊक नव्हतं. पूर्वीची मी असते तर एक डोळा पुसत पुसत रेटलं असतं.

मी हात वर केला. "जरा माझ्या जागेवर येता का?" ती आली. मी मामांना तिच्या हवाली केलं, आतल्या खोलीत जाऊन गोळी घेतली आणि डोळे मिटून पडले. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, आज रिलीवर मागतली मी."

"भेटली?"

"भेटली."

"मंग झालं," बाबा म्हणाले. "जेव आता."